एकदाच सांगितलेलं दुखणं

फुटबॉलचा हंगाम आला की आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर कुणीतरी अण्णांची नक्कल करतं. एक पाय उचलून धरायचा, हात कमरेवर ठेवायचा, मान ताठ करायची आणि जागच्या जागी गोल फिरत शिट्टी मारायची. पोरं हसतात. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "सर, तुम्ही हुता की तिथं. सांगा की." आणि मी सांगतो. तीस वर्षं मी ती हकिकत अर्धीच सांगत आलोय. हसायला येतं तेवढीच अर्धी. उरलेली मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. कुणी खोलात विचारायला लागलं की मला घरी काहीतरी काम आठवतं.

आता मला अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. अण्णांचं नाव या शहरात एका हट्टी, लंगड्या पंचाचं नाव म्हणून उरलंय, ज्यानं स्वतःच्या अहंकारापायी एक फायनल नासवली. ते खोटं आहे. ते खोटं आहे हे माहीत असलेला माणूस मी एकटाच उरलोय, म्हणून हे लिहायला बसलो.

पण एक आधीच सांगतो. मी त्यांचा अपराधी आहे म्हणून ते सोन्यासारखे होते असं काही मी लिहिणार नाही. अण्णांबरोबर काम करणं हा वैताग होता. दहा-बारा वर्षं मी तो वैताग दर रविवारी आणि हंगामात बुधवारीसुद्धा सोसला.

अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. लिंगायत कुटुंब, तीन पिढ्यांचा धंदा, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. माझ्यापेक्षा ते नऊ-दहा वर्षांनी मोठे. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि पंच म्हणून त्यांच्या हाताखाली तयार झालो. तयार झालो म्हणजे त्यांच्या शिव्या खाल्ल्या. दुकानात गिऱ्हाइकाशी लोण्यासारखं बोलणारा हा माणूस काळी जर्सी अंगात घातली की ओळखू यायचा नाही.

त्यांचा पहिला नियम असा की मॅच चालू असताना पंचाला दुखत नाही. दुखलं तरी दाखवायचं नाही, असं नव्हे, दुखतच नाही. मी नवीन होतो तेव्हा एकदा लाइनवर पळताना माझ्या पोटरीत गोळा आला. मी वाकून पाय चोळला. हाफ टाइमला अण्णांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"काय झालतं?"

"गोळा आला, अण्णा."

"कुणाला?"

"मला."

"तू कोण हाइस इथं? खेळाडू हाइस?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "मर्दा, बावीस जणांना पडायची मुभा हाय. ती पडली की मी मॅच थांबवतो. मी पडलो तर कुणी थांबवायची?"

मी पुन्हा लाइनवर गेलो. पण पोटरी दुखायची थांबली नव्हती, हेही खरं.

त्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, हे मला पुढं कळलं. आमच्याकडचं पब्लिक तुम्हाला माहीत आहे. दोन पेठांची मॅच म्हणजे वीस हजार माणसं, आणि प्रत्येकाला ऑफसाइड पंचापेक्षा जास्त कळतं. पंचानं घोट्याला हात लावला की गॅलरीतून आवाज येतो, "म्हातारं दमलं." मग पुढचा प्रत्येक निर्णय दमलेल्या म्हाताऱ्याचा ठरतो. निर्णय बरोबर असला तरी त्याला किंमत राहत नाही. म्हणून अण्णा दाढ सुजून गाल आंब्याएवढा झालेला असताना शिट्टी तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात धरून मॅच खेळवायचे. करंगळीचं नख उलटलेलं असताना नव्वद मिनिटं पळाले. फार झालं तर ओठांतल्या ओठांत कानडीत आकडे मोजायचे. वंदु, यरडु, मूरु. दहापर्यंत गेले की पुन्हा पळायला लागायचे. जवळून जाणाऱ्या खेळाडूंना वाटायचं, हे आपल्याला शिव्या देतायत.

दुसऱ्याच्या दुखण्याबाबत तर ते डॉक्टरांच्या वर होते. खेळाडू पडला की ते त्याच्या पायाकडे बघायचेच नाहीत, हाताकडे बघायचे. "खोटं दुखणं गुडघा धरतंय," असं त्यांचं मत. "खरं दुखणं माती धरतंय." आणि सांगायला राग येतो, पण यात ते फारसे चुकले नाहीत.

शेवटची शिट्टी झाली की मात्र खरा तमाशा सुरू. मैदानातून ताठ चालत बाहेर यायचं, पंचांच्या खोलीत शिरायचं, कडी लावायची आणि बाकावर बसून ओरडायचं. सगळं साठलेलं दुखणं त्या दहा मिनिटांत एकदम यायचं. टाच, गुडघा, कंबर, एकेकाचं नाव घेऊन ते ओरडायचे. त्यांचे बूट काढायला आत फक्त मला परवानगी. बाहेर उभे असलेले संघांचे कारभारी घाबरून विचारायचे, आत काय मारामारी चाललीय काय? दहा मिनिटांनी अण्णा तोंड धुऊन, भांग पाडून बाहेर. स्टेडियमच्या मागं एक रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथवर ते शिपायासारखे चालायचे. गुऱ्हाळ मागं पडलं की लंगडायला सुरुवात. दोघांच्या पिशव्या माझ्या खांद्यावर, आणि वर सूचना, "जरा हळू चाल की, दिसत न्हाय काय?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण अण्णांकडे दुखण्याची दुसरी एक जात होती. पायाचं दुखणं शेकलं की दोन दिवसांत जातं. निर्णयाचं दुखणं जात नाही, असं ते म्हणायचे. एखादा निर्णय चुकला असं मनात आलं की त्यांचा डावा गुडघा धरायचा. खरोखर धरायचा; जिना चढता यायचा नाही. एक्स-रेत काही दिसायचं नाही. वहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, मला निरोप पाठवायच्या, की ह्यांनी रविवारी काय करून ठेवलंय ते बघा, माळ्यावरचं एक पातेलं काढून देईनात.

एकदा त्यांनी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली. बचावपटूनं पाय घातला आणि आघाडीचा गडी पडला, मला तर त्यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नव्हतं. पण सोमवारी अण्णांचा गुडघा धरला. मंगळवारी हाडवैद्य झाला, बुधवारी डॉक्टर. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या दारात हजर. म्हणाले, स्कूटर काढ, कबनूरला जायचंय. तो बचावपटू तिथं यंत्रमागावर कामाला होता. म्हटलं, अण्णा, मॅच संपली, कपसुद्धा वाटून झाला. ते मागच्या सीटवर बसून मोकळे झाले होते.

कबनूरला त्या शेडमध्ये मागांचा आवाज इतका की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. अण्णांनी त्या गड्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "पाय लागलाता काय तुझा त्याला?" तो गडी बावरला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कपाळाला हात लावला. मग त्यानं अण्णांचं तोंड जरा वेळ न्याहाळलं आणि ओरडून म्हणाला, "लागला हुता की, अण्णा. मुद्दामच घातलाता." अण्णा तिथल्या तिथं उकिडवे बसले, उठले, पुन्हा बसले, उठले. गुडघा मोकळा. म्हणाले, चला, चहा पिऊया.

ते हात धुवायला गेले तेव्हा त्या गड्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, पाय कसला लागतोय? एक वीत अंतर हुतं. पण म्हाताऱ्याचं तोंड बघवेना." मी हे अण्णांना कधी सांगितलं नाही. तो माणूस दयेपोटी एक खोटं बोलला आणि मी त्यातून भलताच धडा घेतला. अण्णांचं दुखणं मनातलं असतं, चार शब्दांनी ते जातं, असं मी धरून चाललो.

आता ती फायनल.

दोन पेठांमधली होती. त्यातली एक माझी स्वतःची. त्यामुळं मला त्या मॅचला पंच म्हणून उतरवायचा प्रश्नच नव्हता. पण राखीव पंच कुणीतरी लागतो, आणि राखीव पंचानं करायचं काय, तर खुर्चीत बसायचं आणि बदली खेळाडूंची नावं लिहायची. कमिटीत कुणीतरी म्हणालं, सरांना बसवा, अण्णा शिट्टीवर असताना राखीव पंच कशाला उठतोय? सगळे हसले, मीही हसलो. अण्णांच्या न दुखण्यावर आमच्या सगळ्यांचा एवढा भरवसा होता.

एक-एक अशी बरोबरी होती. वीस मिनिटं उरली असतील. अण्णा चेंडूमागं वळले आणि एकदम थांबले. शिट्टी मारून खेळ थांबवला. मागं वळून गॅलरीकडं बघितलं, मग खाली मातीत काहीतरी शोधायला लागले. पब्लिकला कळेना. मग ते सरळ माझ्या खुर्चीकडं आले. आले म्हणजे उजवी टाच टेकवत, पाऊल ओढत आले. मी त्यांना मैदानात तसं चालताना कधी बघितलं नव्हतं.

"पोटरीवर दगड मारला कुणीतरी," ते म्हणाले. "तू बघितलास? कुठनं आला?"

आमच्याकडं दगड येणं ही काही नवलाई नव्हती. पण मी त्यांच्याकडंच बघत होतो. दगड आला नव्हता. मी तसं सांगितलं.

 त्यांनी खाली स्वतःच्या टाचेकडं बघितलं.

"मग आतलंच तुटलंय माझं," म्हणाले. "दुखतंय मला. शिट्टी तू घे."

शिट्टीची दोरी त्यांनी गळ्यातून निम्मी काढली होती.

मी काय विचार केला ते जसंच्या तसं लिहितो. मी माझ्या पेठेच्या बाजूच्या गॅलरीकडं बघितलं. माझे शेजारी, माझ्या वर्गातली पोरं, माझा सख्खा मेव्हणा, सगळे तिथं होते. समोर दुसरी पेठ. शिट्टी घेतली आणि आमच्याविरुद्ध काही दिलं तर गल्लीत राहणं मुश्किल. आमच्या बाजूनं दिलं तर मैदानातून बाहेर पडणं मुश्किल.  आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं ते हे:

"अण्णा, ती मघाची फ्री किक बरोबर होती. त्याचंच दुखतंय तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. न समजल्यासारखं.

"न्हाय मर्दा," ते म्हणाले. "हे निर्णयाचं न्हाय. हे पायाचं हाय."

"वीस मिनिटं राहिल्यात, अण्णा. खेळवा."

ते "बरं" म्हणाले. दोरी पुन्हा गळ्यात घातली आणि वळले. मी वहीत मान घातली.

पुढची वीस मिनिटं ते मैदानाच्या मध्यात उभे होते. हीच ती नक्कल. एक पाय टेकवून, दुसरा नुसता जमिनीला लावून, चेंडू जाईल तिकडं ते जागच्या जागी फिरत होते. पब्लिक आधी हसलं, मग शिव्या द्यायला लागलं. शेवटी शेवटी आमच्या पेठेच्या आघाडीच्या गड्यानं चेंडू हातानं आत ढकलला. लाइन्समनसमोर चार खेळाडू होते, त्याला हात दिसला नाही. अण्णा तिथं असते, जिथं ते एरवी दरवेळी असायचे, तर त्यांना दिसला असता. ते चाळीस पावलं लांब होते. त्यांनी गोल दिला.

मला तो हात दिसला होता. तेही इथं लिहून टाकतो.

मग जे व्हायचं ते झालं. खुर्च्या मोडल्या, पोलिस आले. अण्णांना दोघा शिपायांनी बखोटीला धरून आणलं आणि त्या दिवशी खोलीत ते ओरडले नाहीत. मी बूट काढायला वाकलो तर पाय मागं घेतला, म्हणाले, राहू दे. माझ्या कपाळावर गुलाल होता. गल्लीतल्या पोरांनी वाटेतच लावला होता, आणि मी तो पुसायचा विसरलो होतो.

टाचेची शीर तुटली होती. डॉक्टर म्हणाले, तुटली तेव्हाच थांबला असता तर एवढं फाटलं नसतं.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. कमिटीचे तिघे एका बाजूला, आम्ही पंच दुसऱ्या बाजूला, अण्णा प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून. हरलेल्या पेठेचे दोघे कारभारी दाराशी उभे. मला एकच प्रश्न विचारला. पंचांनी दुखापत झाल्याचं तुम्हाला सांगितलं होतं का?

मी म्हटलं, "नाही."

एवढ्यावर थांबायचं. पण खोटं बोलणाऱ्याला पुढं बोलावंसं वाटतं. मी म्हटलं, "मॅच चालू असताना अण्णांना दुखतं, असं मी जन्मात ऐकलं नाही." सगळे हसले. दाराशी उभे असलेले कारभारीसुद्धा हसले. कारण ते पटण्यासारखं होतं. त्या माणसाचा सगळा हट्ट, सगळा वैताग, सगळ्या शहराला पाठ असलेला, मी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा केला.

कमिटीनं अण्णांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? आम्हा पंचांत एक रीत होती, अण्णांनीच घालून दिलेली. बाहेरच्या माणसासमोर पंचानं पंचाला खोटं पाडायचं नाही. भांडण असेल तर खोलीत, कडी लावून. दाराशी बाहेरची माणसं होती. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"राखीव पंच सांगतात तसं," ते म्हणाले.

त्यांचं नाव पंचांच्या यादीतून काढलं. दुखापत लपवून सामना धोक्यात आणला, असं कारण लिहिलं. ते पत्र त्यांना नेऊन द्यायला कुणी तयार होईना, म्हणून पोस्टानं पाठवलं.

त्यानंतर मी त्यांच्या दुकानात जायला लागलो. दर वेळी ठरवून जायचो की आज बोलायचंच. खोलीत कडी लावायची वेळ माझी होती, त्यांची नव्हती. दुकानात गेलो की अण्णा गल्ल्यावरून म्हणायचे, "काय पायजे?" आणि मी म्हणायचो, तांब्या. कधी वाटी. कधी डाव. दोन-तीन वर्षांत आमच्या घरात माणसं चार आणि तांबे अकरा झाले. बायकोनं विचारलं, तुम्ही लग्नाचं सामान जमवताय काय कुणाच्या? मी तिच्यावर ओरडलो. अण्णा लंगडत फळीवरून भांडं काढायचे, फडक्यानं पुसायचे, कागदात बांधायचे. एकदा म्हणाले, "तुझ्या घरी पाणी लई पितात वाटतं." मला त्यांचा राग यायचा. हा माणूस एक शिवी का देत नाही? एकदा तोंडावर थुंकला असता तरी मी सुटलो असतो. पण नाही. मागच्या रविवारच्या मॅचला ऑफसाइड होता का, याच्यावर माझ्याशी अर्धा तास वाद.

पुढं वहिनी गेल्या. दुकान पुतण्याकडं गेलं आणि अण्णा कागलला लेकीकडं राहायला गेले. साखरेचा आजार होताच, तो पायात उतरला. मी एकदा एस.टी.नं गेलो. तोवर बोलायचं वाक्य मी पक्कं केलं होतं. शिक्षक माणूस, वाक्य नीट बसवून घेतलं होतं. लांबण लावायची नाही, कारणं द्यायची नाहीत.

अण्णा पुढच्या खोलीत कॉटवर बसले होते. पायाला पट्टी. लेकीनं चहा आणला आणि माझ्याकडं तक्रार केली, की काका, तुम्ही तरी सांगा, चुलीतला निखारा पायाला लागला तरी ह्यांना कळलं न्हाय, केवढी जखम झालीया. अण्णा म्हणाले की डॉक्टरनं टाचणी टोचून बघितली, काही कळत नाही. ते सांगताना हसायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. "आता खरंच दुखत न्हाय मर्दा," ते म्हणाले. "लई वंगाळ वाटतंय. पाय माझा न्हाईच असं वाटतंय."

लेक आत गेली. खोलीत आम्ही दोघंच. दार पुढं लोटलेलं होतं. माझं वाक्य तोंडात तयार होतं. बाहेरचं कुणी नव्हतं.

 अण्णांनीच विचारलं, "कायतरी बोलायला आलाइस न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाय अण्णा. सहजच आलतो."

"बरं," ते म्हणाले. "भाकरी खाऊन जा मग."

मी जेवलो. दोन भाकरी आणि वांग्याची भाजी. त्यांनी दारापर्यंत येऊन, चौकटीला धरून, जपून जा म्हटलं. अडीच महिन्यांनी गेले.

कागलच्या स्टँडवरून एस.टी. हलली आणि हायवेला लागली तेव्हा मी ते वाक्य म्हणालो. पुरतं, एका दमात, ठरवलं होतं तसं. "अण्णा, तुम्ही मला दुखतंय म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. मी भ्यालो. मला माफ करा."

शेजारी बसलेल्या माणसानं माझ्याकडं वळून विचारलं, "काय म्हणला, पावणं?"

मी म्हटलं, "काही नाही."